चित्रातला एकांत आणि आपले महाजन

सुरतेत चित्रकलेचे शिक्षण घेत असलेल्या आपल्या समाजातील एका विद्यार्थिनीच्या चित्रांविषयी गेले काही महिने जी कुजबुज चालली आहे, तिला आता उघडपणे उत्तर देणे भाग आहे. कुजबुज घराघरांतच राहिली असती तर लेखणी उचलण्याचे काही प्रयोजन नव्हते. परंतु तिला शिष्यवृत्ती देणाऱ्या मंडळाच्या बैठकीत ही शिष्यवृत्ती शेवटच्या वर्षी चालू ठेवावी की नाही असा प्रश्न निघाला. आणि तो निघण्याचे कारण मुलीला गुण कमी पडले हे नव्हते, तिचे वर्तन बिघडले हे तर नव्हतेच. तिच्या चित्रांत माणसे नाहीत आणि देव नाहीत, एवढेच ते कारण होते. मंडळाचे नाव येथे देत नाही, मुलीचेही देत नाही. नावे कळली की आपल्याकडे विचार संपतो आणि सोयरसंबंध सुरू होतात.

प्रथम ती चित्रे कोणती हे सांगितले पाहिजे, कारण ज्यांनी अधिक टीका केली त्यांतील कित्येकांनी ती केवळ मोबाईलवर पाहिली आहेत. दोन हात रुंदीचे चित्र तळहाताएवढ्या काचेवर पाहून मत देणे म्हणजे नैवेद्याच्या वासावर जेवण झाले म्हणण्यासारखे आहे. एका चित्रात सुट्टीच्या दिवशीचे यंत्रमागांचे खाते आहे. सुरतेत अशा कारखान्याला खाते म्हणण्याचीच रीत आहे. मागांच्या दोन रांगा, मधली अरुंद वाट, वरच्या झरोक्यातून उतरणारा धुळकट उजेड, आणि कोणी नाही. दुसऱ्यात ओटीवरचा झोपाळा आहे, थांबलेला. तिसऱ्यात उन्हाळ्यात आटलेली तापी आहे, कॉजवेच्या खालच्या अंगाची. ओल्या चिखलावर कुठल्याशा पाखराच्या पायांचे ठसे दूरवर गेले आहेत. एक चित्र पूजा आटोपल्यानंतरच्या देवघराचे आहे: ताम्हनात निर्माल्य, विझलेली फुलवात, समईच्या बुडाशी तेलाचा डाग, देव मात्र चौकटीच्या वर, बाहेर राहिले आहेत. आणखी काही आहेत. त्यांतील तीन पानांच्या वडाचे जे आहे त्याविषयी पुढे बोलू.

चित्रे निर्दोष आहेत असे माझे म्हणणे नाही. खात्याच्या चित्रात छताची बाजू कच्ची राहिली आहे. नदीच्या चित्रात पाण्यापेक्षा चिखल अधिक चांगला साधला आहे. राखी आणि मातकट रंगांवर तिची इतकी भिस्त आहे की एखादे वेळी हळदीचा पिवळा कोठे तरी उठून दिसला की डोळ्यांना बरे वाटते. विद्यार्थिदशेतील काम असेच असावयाचे. आक्षेप या गोष्टींवर असता तर मी आनंदाने आक्षेपकांच्या पंगतीस बसलो असतो.

समाजाच्या एका कार्यक्रमात ही चित्रे मांडली होती, तेव्हा एका वयोवृद्ध गृहस्थांनी तिला विचारले, "बाये, ह्या चित्रांत मनीस खंय?" ती म्हणाली, "पळयता तो, आबा." उत्तर थोडे आगाऊ होते, परंतु त्याहून नेमके उत्तर मला तरी सुचत नाही. ते गृहस्थ हसले आणि पुन्हा एकदा चित्राकडे वळले. हसू आले नाही ते त्यांच्यामागे उभ्या असलेल्या पन्नाशीतल्या मंडळींना. मुलगी खिन्न दिसते, लवकर स्थळ पाहा, असे एकाने सुचविले. हे सारे पाश्चात्त्यांचे खूळ आहे, आपल्या संस्कृतीत असे रिकामेपण नाही, असे दुसऱ्याने ठरवून टाकले. तिसऱ्याने चित्रे 'एकसुरी' आहेत असा शेरा दिला, आणि बैठकीच्या वृत्तांतात नेमका तोच शब्द गेला.

त्या शब्दापासूनच आरंभ करतो, कारण या मासिकाच्या वाचकांना तो दोन्ही कानांनी ऐकता येतो. मराठीत एकसुरी म्हणजे एकाच सुरात रेंगाळणारे, कंटाळा आणणारे. कोंकणीत एकसुरी म्हणजे एकटी. टीकाकाराने मराठी शब्द वापरला आणि नकळत कोंकणी सत्य सांगून गेला. चित्रे एकटी आहेत खरी. पण एकटे असणे दोन परींचे असते, आणि ही दोन एकमेकांत मिसळल्यामुळेच सगळा घोटाळा झाला आहे. एकाकी माणसाला कोणी तरी हवे असते आणि ते नसते. एकांतात बसलेल्या माणसाला त्या घटकेपुरते कोणी नको असते, कारण जे हवे आहे ते तेथेच असते. पहिली अवस्था उणिवेची आहे, दुसरी भरलेपणाची. चित्रकार यांपैकी कोणती रंगवतो आहे हे चित्राच्या विषयावरून कळत नाही, रंगवण्यावरून कळते.

तो झोपाळाच घ्या. एकाकीपणा दाखवायचा असता तर खाली एखादी उलटी पडलेली चप्पल, मागे अर्धवट उघडे दार, भिंतीवर हार घातलेला फोटो, असे काही तरी आले असते. हे करणे फार सोपे आहे आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणणे त्याहून सोपे. या मुलीने त्यातले काहीही घेतलेले नाही. पितळी कड्यांवर पडलेला उजेड, फळीच्या मधोमध वर्षानुवर्षे बसून आलेली गुळगुळीत चमक आणि फळीखाली फरशीवर पडलेली सावली, इतकेच तिने जीव लावून काढले आहे. हा झोपाळा कोणाची वाट पाहत नाही. दुपारी तीन वाजता, घरातली माणसे निजली असताना, झोपाळा जसा असतो तसा तो आहे. असा झोपाळा आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी पाहिला आहे. फक्त त्याला नाव दिले नव्हते.

आता ही मुलगी जेथे राहते त्या गावाचा थोडा विचार करा. २०११ च्या जनगणनेत सुरत महानगराची वस्ती ४४ लाखांच्या वर होती, आणि त्यानंतर ती वाढलीच आहे. या गावात हिरा घासायचा तर चौघे जण एका घंटीभोवती बसतात. माग चालवायचा तर खात्यात शेजाऱ्याशी ओरडून बोलावे लागते. खानदेशातून, ओडिशातून आलेले कामगार एकाच खोलीत पाळीपाळीने झोपतात, एकाची पथारी गुंडाळली की तीच जागा दुसऱ्याची. सणसुद्धा येथे एकट्याने होत नाही. चंदी पडव्याच्या रात्री घारी खाण्यासाठी सारे गाव घराबाहेर पडते. उत्तरायणाला गच्चीवर उभे राहायला जागा मिळत नाही. अशा गावात वाढलेल्या मुलीने सुट्टीच्या दिवसाचे खाते पाहावे, बंद पडलेल्या मागांचा तो विलक्षण शुकशुकाट पाहावा, आणि हेच रंगवायचे असे ठरवावे, यात परकीय अनुकरण कोठून आले? सुरतेत एकांत ही हिऱ्याहून दुर्मिळ वस्तू आहे. जे दुर्मिळ ते पारखून घेणे हा तर त्या शहराचा धंदाच आहे.

परंतु आक्षेपकांचा मुख्य मुद्दा संस्कृतीचा आहे, आणि मला खरे आश्चर्य वाटते ते येथे. हे सारे गृहस्थ मंदिरांचे महाजन आहेत. वर्षातून एकदा तरी कुलदेवतेच्या दर्शनास गोव्यात जातात. त्यांना मी एवढेच विचारतो: देवळात शिरल्यावर तुम्ही कोणत्या दिशेने चालता? बाहेर दीपस्तंभ, तळी, अग्रशाळा, चौघडा. मग सभामंडप, त्यात झुंबरे, रंगवलेले खांब, माणसांची दाटी. मग चौक, तेथे दाटी थोडी कमी. आणि शेवटी गर्भगृह. ते लहान असते. अंधारे असते. त्याला एकच दार असते. साऱ्या मंदिराची रचना माणसाला गर्दीतून उचलून त्या एका दारापाशी आणून सोडण्यासाठी केलेली असते, आणि तेथे पोचल्यावर तुमच्या उजव्याडाव्या बाजूस दहा माणसे उभी असली तरी डोळे मिटण्याचे काम प्रत्येकाला स्वतःच करावे लागते.

बरे, ही झाली भक्ताची गोष्ट. देवाची काय आहे? रात्री शेजारती होते, दार लोटले जाते, आणि देवाला निवांत सोडले जाते. तिरुमलेस व्यंकटेशाच्या दिवसातल्या अखेरच्या सेवेचे नावच 'एकांत सेवा' असे आहे. २०२० साली साथीच्या दिवसांत तेथला ब्रह्मोत्सवही भक्तांच्या गर्दीवाचून, एकांतात झाला. आपल्याही देवळांची दारे त्या वर्षी बंद होती आणि पुजारी तेवढे आत जाऊन पूजा करीत होते. तेव्हा कोणी म्हटले नाही की देव खिन्न झाला आहे. देवाला रोज रात्री शास्त्राने नेमून दिलेला एकांत चालतो. विशीतल्या मुलीने तो चार कॅनव्हासांवर उतरवला की तिच्यासाठी स्थळ पाहावयाचे!

ग्रंथांचा आधार हवा असेल तर तोही दूर नाही. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची जी लक्षणे सांगितली आहेत त्यांत एकांत स्थळी राहणे आणि जनसमुदायात न रमणे ही दोन्ही मोजली आहेत. हा अध्याय आपल्यापैकी पुष्कळांना पाठ आहे. ज्ञानदेवांनी सहाव्या अध्यायावर लिहिताना तर एक मोठी विलक्षण गोष्ट केली आहे. योग्याला आसनावर बसविण्यापूर्वी त्यांनी ती जागा रंगविली: दाट झाडी, निर्मळ पाणी, मंद वारा, क्वचित एखादे पाखरू. योगी अजून आलेला नाही. आणि ते म्हणतात की ही जागा अशी असावी की एखाद्या विलासी पुरुषाच्या नजरेस ती पडली तर त्यालाही राज्य टाकून येथेच निवांत बसावेसे वाटावे. माणूस नसलेले चित्र पाहणाऱ्या माणसावर काय करू शकते, याचे याहून स्पष्ट विवेचन मला इतर कोठे आढळलेले नाही, आणि ते तेराव्या शतकातले मराठी आहे. भंडाऱ्याच्या डोंगरावर तुकोबा कशासाठी जात होते हे तर शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. रिकामेपण आपल्या संस्कृतीत नाही म्हणणाऱ्यांनी नेमकी कोणती संस्कृती पाहिली, न कळे.

आणि आपल्या समाजाच्या आठवणीत तर एक रिकामी जागा कायमची कोरलेली आहे. सोळाव्या शतकात मंगेश कुशस्थळीहून प्रियोळास गेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास, म्हाळसा वेरण्याहून म्हार्दोळास. देव पालखीतून नदीपार नेल्याची कथा आपण शतकानुशतके सांगतो, आणि चित्रे काढली जातात ती पालखीची. देव निघून गेल्यानंतर त्या रात्री मागे उरलेले रिकामे गर्भगृह कोणी रंगविले आहे काय? मला विचाराल तर आपल्या इतिहासाचे खरे चित्र ते आहे. उद्या एखाद्या विद्यार्थ्याने ते काढले, तर आपले हेच महाजन विचारणार, यात देव कोठे आहे?

आता दुसऱ्या एका माणसाविषयी बोलले पाहिजे, ज्याचे नाव या चर्चेत अभिमानाने घेतले गेले आणि तेही चुकीच्या बाजूने. बैठकीत एका सभासदाने म्हटले म्हणे, की चित्रकार व्हायचे तर गायतोंड्यांसारखे व्हावे, समाजाचे नाव काढावे. फार उत्तम. वासुदेव संतू गायतोंडे गोव्याच्या घराण्यातले. जन्म नागपूरचा, २ नोव्हेंबर १९२४ चा. १९४८ साली त्यांनी मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेची पदविका घेतली. आरंभी ते माणसेच काढीत होते, जुन्या भारतीय लघुचित्रांच्या रेषेचा अभ्यास करून काढीत होते. पुढे माणसे गेली, वस्तू गेल्या, आणि शेवटी रंगाच्या थरांतून उमटणारा एक शांत, खोल उजेड तेवढा उरला. आपल्या चित्रांना अमूर्त म्हणवून घेणेही त्यांना रुचत नसे. १९५७ साली टोकियोत तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पहिले पारितोषिक मिळाले, १९६४ साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले, १९७१ साली पद्मश्री झाले. आणि इतके झाल्यावर त्यांनी गर्दी जमविली काय? ते दिल्लीस निजामुद्दीनमधील एका बरसातीत जाऊन राहिले. फार थोड्यांना भेटत. वर्षाकाठी बोटांवर मोजण्याइतकी चित्रे करीत. रमण महर्षी, निसर्गदत्त महाराज आणि झेन यांकडे त्यांची ओढ होती. पुष्कळसा वेळ ते काहीही न करता बसून असत, आणि त्यालाच काम समजत. २००१ साली ते वारले.

त्यांचे नाव आपल्या बैठकांत केव्हापासून निघू लागले हेही सांगून टाकतो. २०१३ च्या डिसेंबरात मुंबईच्या एका लिलावात त्यांचे एक चित्र सुमारे २३ कोटी ७० लाख रुपयांना गेले, तेव्हापासून. पुढल्या वर्षी न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले, लिलावांचे आकडे आणखी चढत गेले, आणि ज्यांनी त्यांचे एकही चित्र समोर उभे राहून पाहिलेले नाही त्यांना ते 'आपले' वाटू लागले. माझा प्रश्न साधा आहे. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी हेच गायतोंडे आपला एक मोठा, निःशब्द, राखी रंगाचा कॅनव्हास घेऊन आपल्या मंडळापुढे आले असते, तर वृत्तांतात कोणता शब्द गेला असता? मला वाटते, 'एकसुरी'. कोटींनंतर जो एकांत तपश्चर्या ठरतो, तोच शुल्क भरण्यापूर्वी विकृती ठरतो. ही रसिकता नव्हे. हा बाजारभाव आहे.

येथे कोणी म्हणेल की मुलगी काही गायतोंडे नव्हे. अर्थातच नव्हे. होईल किंवा होणार नाही, बहुधा होणार नाही, आणि त्याचा या प्रश्नाशी संबंध नाही. शिष्यवृत्ती थोरांना द्यावयाची नसते, विद्यार्थ्यांना द्यावयाची असते. शिवाय तिची वाटही निराळी आहे. तिला वस्तू सोडावयाच्या नाहीत. झोपाळा, ताम्हन, माग हे तिला हवेच आहेत. त्या दृष्टीने ती प्रभाकर बरवे यांच्या अधिक जवळची म्हणता येईल. त्यांच्या चित्रांत एखादे पान, एखादे घड्याळ, एखादे पाकीट मोठ्या मोकळ्या अवकाशात आपापल्या जागी स्वस्थ असते. चित्राच्या कोऱ्या पृष्ठभागापुढे बसणाऱ्या माणसाच्या मनात काय चालते यावर त्यांनी 'कोरा कॅनव्हास' नावाचे एक मराठी पुस्तकच लिहिले, १९९० साली ते प्रसिद्ध झाले. मंडळाच्या वाचनालयात ते असेल तर छानच. नसेल तर एका पंगतीच्या खर्चात दहा प्रती येतील.

पाश्चात्त्य खुळाची गोष्ट उरली. रिकाम्या चित्रांचे पश्चिमेत मोठे स्वागत होते अशी आपल्याकडे एक समजूत आहे. १८१० साली बर्लिनच्या कला अकादमीत कास्पार डाव्हिड फ्रीडरिख या जर्मन चित्रकाराने समुद्रकाठी उभ्या असलेल्या एका साधूचे चित्र मांडले. तीन-चतुर्थांशाहून अधिक चित्र नुसते आकाश, खाली काळोखा समुद्र, आणि बोटाच्या पेराएवढा एक माणूस पाठमोरा. त्या काळच्या प्रेक्षकांनाही ते चमत्कारिक वाटले. नजर ठरवायला काही आधारच सापडेना. प्रशियाच्या राजाने मात्र ते विकत घेतले. पुढे आधुनिक उपकरणांनी त्या चित्राची तपासणी झाली, तेव्हा असे दिसून आले की समुद्रावर चित्रकाराने आरंभी जहाजे काढली होती आणि मागाहून स्वतःच पुसून टाकली. या गोष्टीचे मला फार महत्त्व वाटते. एकांत म्हणजे काढायला काही सुचले नाही म्हणून राहिलेली जागा नव्हे. जहाजे काढता येत असताना ती पुसून टाकण्याचा निर्णय आहे तो. आपल्या विद्यार्थिनीच्या देवघराच्या चित्रातही, बारकाईने पाहिले तर, वरच्या बाजूस रंगाखाली एका मूर्तीची बाह्यरेषा अंधूक दिसते. तिने देव काढले होते. मग चौकट खाली आणली आणि आपल्या नजरेपुढे ठेवले ते ताम्हन. नमस्कारासाठी मान वाकविली की डोळ्यांना हेच दिसते, हे मी महाजनांस सांगावयास हवे काय?

जाता जाता तिच्या कैवाऱ्यांचाही समाचार घेतला पाहिजे, कारण तिचे निम्मे नुकसान त्यांनी केले आहे. शहरातील काही नव्या विचारांच्या मंडळींनी या चित्रांची स्तुती करताना 'आधुनिक मानवाचे तुटलेपण', 'यंत्रयुगातील परात्मता' अशी भाषा वापरली. ती ऐकून घरच्या माणसांची खात्रीच पटली की मुलीचे काही तरी बिनसले आहे. आक्षेपक तिला रोगी म्हणतात आणि हे कैवारी तिच्या रोगाचे कौतुक करतात. चित्राकडे पाहण्याचे कष्ट दोघांनीही घेतलेले नाहीत. जिला आपल्या घरातल्या समईच्या बुडाचा तेलकट डाग इतक्या ममतेने काढता येतो, ती कशापासून तुटली आहे?

एक शंका मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. तिच्या एका मावशींनी मला विचारले, "ते सगळे खरे हो, पण पोरीला आतून काही होत नसेल ना?" हा प्रश्न मायेचा आहे, आणि आजकालच्या मुलांच्या बाबतीत तो अस्थानी नाही. परंतु त्याचे उत्तर चित्रात शोधू नये. विन्सेंट व्हान गॉगने निळ्या आकाशावर बदामाच्या पांढऱ्या फुलांच्या फांद्या रंगविल्या, त्या चित्राहून प्रसन्न चित्र मिळणे कठीण. ते त्याने १८९० च्या आरंभी, मनोरुग्णालयात असताना, नवजात पुतण्यासाठी काढले, आणि त्याच वर्षीच्या जुलैत त्याचा अंत झाला. उलट आयुष्यभर शांत, रिकाम्या खोल्या रंगवून स्वस्थपणे संसार केलेले चित्रकारही आहेत. चित्रावरून नाडी पाहता येत नाही. मुलगी बरी आहे ना हे जाणून घ्यायचे असेल, तर मावशींनी तिच्याजवळ बसावे, तिला जेवू घालावे आणि विचारावे. त्यांनी तसे केलेही. मंडळाच्या बैठकीत सात पुरुषांनी तिच्या मनाची चिकित्सा करणे ही मात्र माया नव्हे.

आता तो वड. सुरतेत तापीकाठी अश्विनीकुमारच्या स्मशानाजवळ तीन पानांचा वड म्हणून एक स्थान आहे. स्थानिक आख्यायिका अशी की कर्णाने मरताना कुमारी भूमीवर आपला दाह व्हावा असे मागितले. साऱ्या पृथ्वीवर न जळालेली जागा मिळेना. अखेर तापीच्या तीरी सुईच्या अग्राएवढी भूमी सापडली, आणि तेथे श्रीकृष्णाने त्याला आपल्या तळहातावर घेऊन अग्नी दिला. तापी ही सूर्यकन्या, कर्ण सूर्यपुत्र. म्हणजे जन्मभर ज्याला आपले कोणी म्हणाले नाही तो शेवटी बहिणीच्या काठावर आला. आणि खूण म्हणून तो वड, ज्याला तीनच पाने.

या विषयाचे चित्र आपल्या मंडळींना कसे आवडले असते ते मी सांगू शकतो. मध्ये श्रीकृष्ण, तळहातावर ज्वाळा, बाजूस शोकाकुल पांडव, आकाशातून पुष्पवृष्टी. विद्यार्थिनीने काय केले आहे? खाली नदीची एक आडवी पट्टी, वर फिकट आकाश, मध्ये एक फांदी आणि तीन पाने. एक पान उजेडाकडे वळलेले, एक कडेने पाहिल्यासारखे अरुंद, आणि तिसऱ्याच्या मागे काही तरी तांबूस आहे, ते ऊन आहे की अग्नी हे तिने सांगितलेले नाही. महाभारतातील सर्वांत एकट्या माणसाचे हे चित्र आहे, आणि त्यात तो नाही. या एका चित्रासाठी तिला शिष्यवृत्ती दिली असती तरी पैसे वाया गेले नसते. मंडळाला देवादिकांचे विषय हवे होते; ते तिने दिले आहेत. तिला ते कॅलेंडरासारखे देता येत नाहीत, इतकेच.

शिष्यवृत्तीच्या नियमांत चित्रकलेचे शिक्षण घेणाऱ्या गरजू विद्यार्थ्यास साहाय्य, एवढेच लिहिलेले आहे. ते मी मुद्दाम पाहून घेतले. चित्रात काय असावे याविषयी त्यात एक अक्षर नाही. तसे अक्षर घालावयाचे असेल तर सर्वसाधारण सभा बोलवावी, ठराव मांडावा, प्रत्येक चित्रात किमान किती माणसे आणि किती देव हवेत तो आकडा ठरवावा, आणि ज्यांना तो ठराव मांडावयाचा आहे त्यांनी आपले नाव खाली लिहावे. तसे करण्याचे धैर्य नसेल तर आडून हप्ता रोखू नये. शेवटच्या वर्षाचे शुल्क भरण्याची मुदत जवळ आली आहे, आणि मुलीच्या वडिलांची प्राप्ती काय आहे हे मंडळाच्या कोषाध्यक्षांना तिच्या अर्जावरून ठाऊक आहे.

पुढली बैठक तुळशीच्या लग्नानंतर ठरली आहे. तोपर्यंत सभासदांनी ती चित्रे एकदा प्रत्यक्ष पाहावीत असे मी सुचवितो. सहकुटुंब, गाड्या करून नव्हे, तर एकेकट्याने जाऊन. ती तिच्या घरीच, माळ्यावरच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलेली आहेत. दुपारी तीननंतर तेथे उजेड चांगला असतो. आधी कळविले तर तिची आई चहा ठेवते, आणि सहसा वर येत नाही.